‘आईला इथे करमणार नाही’ आणि आपली इतर सोयीस्कर वाक्ये

यंदाच्या गणपतीतली गोष्ट. कोलोन, बॉन, लेव्हरकुसेन वगैरे आसपासची मराठी मंडळी मिळून आम्ही दरवर्षी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. आरती होते, मुलं अडखळत अथर्वशीर्ष म्हणतात आणि मग सगळे मसालेभातावर तुटून पडतात. जेवताना विषय ठरलेले. घरांच्या किमती, मुलांचं गिम्नाझियम, कोणाला कायमचा परवाना मिळाला, कोणी पासपोर्ट बदलला. मग कोणीतरी विचारतं, "आई-बाबा कसे आहेत?"

शेजारच्या खुर्चीवरच्या एका मित्राने उत्तर दिलं, "मजेत. ताई जवळच राहते, त्यामुळे काळजी नाही. इथे आणलं असतं, पण आईला इथे करमणार नाही रे."

टेबलावरच्या आम्ही सातही जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गेली वीस वर्षं मी हेच वाक्य बोलत आलोय, फक्त आमच्या घरातली ताई सांगलीला असते आणि आई मिरजेला, एवढाच फरक. पण त्या दिवशी घरी परत येताना ट्राममध्ये माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला, आणि तेव्हापासून तो जात नाहीये. 'काळजी नाही' म्हणजे नक्की कोणाला नाही? ताईला पण नाही का?

तर मंडळी, आजचं लिखाण जरा कडू आहे. ज्यांना गोड हवंय त्यांनी खुशाल इथे थांबावं, ऱ्हाईनकाठच्या ख्रिसमस बाजाराबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

आधी थोडा इतिहास, कारण कोलोनमध्ये राहून तो टाळता येत नाही. आमच्याकडून ऱ्हाईन ओलांडली की डॉइत्झ स्टेशन. १० सप्टेंबर १९६४ रोजी या स्टेशनात परदेशी कामगारांना घेऊन एक गाडी आली. तेव्हा जर्मनीला कारखान्यांसाठी माणसं हवी होती आणि इटली, स्पेन, तुर्कस्तान, पोर्तुगाल अशा देशांशी करार करून ती आणली जात होती. त्यांना नाव दिलं होतं 'पाहुणे कामगार'. त्या दिवशी लाउडस्पीकरवरून एका माणसाचं नाव पुकारलं गेलं. आर्मांदो रॉड्रिगेस, पोर्तुगालचा सुतार, वय ३८. बिचारा घाबरला, त्याला वाटलं आता परत पाठवतात. प्रत्यक्षात तो दहा लाखावा पाहुणा ठरला होता! फुलं दिली, फोटो काढले आणि झुन्डाप कंपनीची मोपेड भेट दिली. हॅट घातलेला, मोपेडवर बसलेला, काहीसा गोंधळलेला तो माणूस इथल्या शाळेच्या पुस्तकांतसुद्धा दिसतो. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

फोटोत काय दिसत नाही? त्याची बायको आणि मुलं. ती पोर्तुगालातच राहिली. तो इथे राबला, पैसे पाठवत राहिला, आजारी पडून गावी परतला आणि १९७९ साली कर्करोगाने गेला. साठवलेला पैसा उपचारात संपला. जर्मनीकडून आजारपणाची मदत मिळू शकत होती हे त्याला ठाऊकच नव्हतं म्हणे. मोपेड संग्रहालयात आणि माणूस असा गेला.

दुसरी गोष्ट याच्याही जवळची. आमच्या निपेस भागातून उत्तरेला गेलं की नील, आणि तिथे फोर्डचा कारखाना. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तिथे तुर्की कामगारांनी मोठा संप केला. निमित्त काय होतं माहीत आहे? सुमारे ३०० तुर्की कामगार उन्हाळ्याच्या सुट्टीवरून उशिरा परतले म्हणून त्यांना काढून टाकलं. सुट्टी चार आठवड्यांची. त्यात गाडी हाकत युगोस्लाव्हिया, बल्गेरिया ओलांडून अनातोलियातल्या गावी जायचं आणि तसंच परत यायचं. जाण्यायेण्यातच कितीतरी दिवस जात. मग बायको, पोरं, म्हातारे आईबाप, शेताचा वाद, बहिणीचं लग्न हे सगळं उरलेल्या दिवसांत कोंबायचं. संपाच्या मागण्यांत पगारवाढ होती, काढलेल्यांना परत घ्या ही होती, आणि आणखी एक मागणी होती. सहा आठवडे रजा द्या. आठवड्याभरात संप मोडला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीने परदेशातून कामगार भरती थांबवली. आता एकदा गावी कायमचं परतलो तर पुन्हा येता येणार नाही हे कळल्यावर लोकांनी बायकामुलं इकडे आणायला सुरुवात केली. कुटुंबं एकत्र आली ती अशी, दार बंद होताना. तरीही कित्येक मुलं या देशातून त्या देशात, आजीकडून आईकडे आणि आईकडून आजीकडे फिरत मोठी झाली. त्यांना इथे 'सुटकेसवाली मुलं' म्हणतात. जमैका बेटावर अशाच मुलांना 'पिंपवाली मुलं' म्हणतात, कारण इंग्लंड-अमेरिकेतली आई त्यांना कपडे, बूट, खाऊ भरून पिंपं पाठवते. आमचं पिंप म्हणजे तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. फक्त आमच्यात पिंपाची वाट मुलं बघत नाहीत, आईबाप बघतात.

आता कोणी म्हणेल, आपण कुठे, ते कारखान्यातले कामगार कुठे! आपण इंजिनियर, आपल्याकडे ब्लू कार्ड.

बरं, मग आपल्याच घरात बघू. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांनी शंभर वर्षं हेच केलं ना? नवरा गिरणगावात, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गाववाले, जेवण खानावळीत, आणि बायको गावाकडे सासूसासऱ्यांना, गुरांना, भाताच्या खाचरांना सांभाळतेय. महिन्याला मनीऑर्डर, वर्षातून शिमग्याला किंवा गणपतीला गाठभेट. १९८२ च्या संपात गिरण्या बसल्या तेव्हा मनीऑर्डरी थांबल्या, तरी घर चालवलं ते गावातल्या बाईनेच. अण्णाभाऊ साठ्यांची मैनेवरची छक्कड लोकांना एवढी भिडली, कारण मुंबईतल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाची मैना खरोखरच गावाकडे होती.

पण त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा नाही. गिरणी कामगाराला माहीत होतं की आपलं घर फाटलंय. त्याने ते लपवलं नाही. फोर्डच्या तुर्की कामगाराने तर त्यासाठी संप केला. आपण मात्र मसालेभात खाता खाता म्हणतो, काळजी नाही.

स्वतःचं सांगतो, म्हणजे दुसऱ्याला बोल लावतोय असं वाटायला नको.

मार्च २०१८ मध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मी चौथ्या दिवशी पोचलो. बारा दिवस राहिलो. त्या बारा दिवसांत मी काय केलं? डॉक्टरांशी इंग्रजीत बोललो, एअर मॅट्रेस आणली, व्हीलचेअर आणली, औषधांची एक सुंदर एक्सेल शीट बनवली (रंगीत रकान्यांसकट!) आणि परत आलो. ताईने पुढचे आठ महिने काढले. सांगलीहून मिरजेला रोज सकाळी, शाळा करून पुन्हा संध्याकाळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसाठी ठेवलेला माणूस महिन्यात दोनदा तरी दांडी मारायचा, मग दाजी जाऊन झोपायचे. त्या वर्षी ताईला मुख्याध्यापिका व्हायची संधी होती. तिने नाही म्हणून सांगितलं. मला हे कळलं दोन वर्षांनी, तेही दाजींच्या तोंडून.

नोव्हेंबरमध्ये पहाटे फोन आला. कोलोन ते फ्रँकफर्ट रेल्वे, मग विमान, मग मुंबईहून गाडीने मिरज. कितीही धावपळ केली तरी दीड दिवस. ताईने फोनवर विचारलं, "थांबू का रे?" मी काहीच बोललो नाही. तीच म्हणाली, "नको. आठ महिने असंच पडून होते. आता अजून ताटकळत नको ठेवायला. अग्नी मी देते." कृष्णाघाटावर अग्नी ताईने दिला. मी पोचलो ते अस्थी गोळा करायला. माझ्या नोकरीच्या करारात वडील गेल्यावर दोन दिवसांची भरपगारी रजा आहे. बाकीची वार्षिक सुट्टीतून.

तेराव्यानंतर मी ताईसमोर खर्चाचा विषय काढला. आकडे लिहून ठेवले होते, माझ्याकडून किती गेले, तिच्याकडून किती, फरक लगेच ट्रान्सफर करतो वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "तू पैसे पाठवतोस ते मला दिसतात. माझं काय गेलं ते तुला दिसतं का?"

मी गप्प.

आता आपली वाक्ये एकेक घेऊ.

वाक्य पहिलं: 'रोज व्हिडिओ कॉल होतो ना!' होतो की. उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचार. माझं ऑफिस सुटतं तेव्हा आई झोपायच्या तयारीत असते, म्हणून आम्ही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बोलतो. कॅमेऱ्यात हनुवटीपासून वर दिसतं. सुजलेले पाय दिसत नाहीत. घरातला वास येत नाही. फ्रिजमध्ये तीन दिवसांची आमटी आहे हे कळत नाही. आणि आई चांगली साडी नेसून, केस विंचरून समोर बसते. तुम्ही काळजी करू नये म्हणून ती जे दाखवते, तेच बघून तुम्ही काळजी करत नाही! इंजिनियर असून आपल्याला एवढं कळू नये? जो सेन्सर फक्त चांगलंच रीडिंग देतो तो आपण प्लँटमध्ये एक दिवस तरी ठेवू का?

वाक्य दुसरं: 'आपण पैशाला कमी पडत नाही.' खरं आहे. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी शंभर अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम मायदेशी पाठवली, जगात कोणत्याच देशात एवढी जात नाही. त्यात आपलेही चार युरो. पण पैशाने माणूस ठेवता येतो, त्या माणसावर लक्ष ठेवणारं माणूस पैशाने मिळत नाही. ते ताई असते, वहिनी असते, शेजारच्या काकू असतात. बहुतेक वेळा बाईच असते, हे मुद्दाम सांगतो. सरकारी कायद्याचीही अक्कल आपल्याएवढीच. २००७ साली आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. तो परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, आणि त्याची कमाल मर्यादा त्या कायद्याने ठरवली महिना १०,००० रुपये. एवढे टाकले की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही सुपुत्र.

वाक्य तिसरं, म्हणजे खरं दुखणं: 'आईला इथे करमणार नाही.'

हे वाक्य आपण एवढ्या वेळा बोललोय की ते खरं की खोटं हे तपासायचंच राहून गेलं. खरी गोष्ट अशी आहे की आईला इथे करमतं की नाही हा प्रश्न जर्मनीने आपल्याला कधी विचारलाच नव्हता. इथे बायको आणू देतात. २००७ पासून तिला आधी जर्मनची परीक्षा द्यायला लावत होते, २०१२ मध्ये ब्लू कार्ड आलं तेव्हा आपल्यासारख्यांच्या बायकांना त्यातून सूट मिळाली. मुलं आणू देतात. आईबाप मात्र पाहुणे. १८० दिवसांत ९० दिवस, त्यावर एकही नाही. कायमचं आणायचं तर 'असाधारण हलाखी' सिद्ध करायची, आणि ती कशी सिद्ध करतात ते ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांना विचारा.

१ मार्च २०२४ ला नियम बदलला. त्या तारखेनंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा इथला परवाना मिळाला, त्यांना आता आईवडील आणि काही अटींवर सासूसासरेही आणता येतात. वाचून आनंद झाला, पण लक्षात घ्या, माझ्यासारखे जे २००६ पासून इथे कर भरतायत त्यांना हा नियम नाहीच. नव्यांना तरी काय, पुढे विम्याची भिंत. इथल्या सरकारी आरोग्य विम्यात नवरा, बायको, मुलं फुकट येतात, आईबाप येत नाहीत. वयाची पंचावन्न उलटलेल्याला बाहेरून त्या विम्यात नव्याने शिरायला जवळपास वावच नाही. राहिला खाजगी विमा. मधुमेह, रक्तदाब असलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला तो मिळवून बघा, मिळालाच तर हप्ता बघा. म्हणजे दार उघडलं, पण साखळी तशीच.

दोष फक्त जर्मनीचा असता तर मी इथेच थांबलो असतो. पण जी गोष्ट आपल्याला कायद्याने करता येत नव्हती, ती आपण आईच्या आवडीनिवडीवर ढकलली. 'मला आणता येत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. 'मला आणायची नाही, दोन बेडरूमचं घर आहे आणि बायकोशी वाद नकोत' हे म्हणायला तर त्याहून नाही. म्हणून मग, आईला इथे करमणार नाही! तिच्या तोंडी आपलं उत्तर घालून मोकळे.

आणि एक विचारतो, राग मानू नका. बाळंतपणाला आई लागते तेव्हा हे वाक्य कुठे जातं? २००९ मध्ये माझ्या मुलीच्या वेळी आई आली होती, व्हिसाचे नव्वद दिवस पुरेपूर वापरून. तेव्हा कोणी म्हणालं नाही की तिला करमणार नाही. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, रात्रीची जाग्रणं, हे सगळं करताना तिला छान करमत होतं म्हणे. तिला लागायची वेळ आली तेव्हा मात्र थंडी फार, भाषा येत नाही, देऊळ नाही, भाजी मिळत नाही.

बरं, करमत नव्हतं का खरंच? बाबा गेल्यानंतर २०२२ च्या उन्हाळ्यात ती आली होती. खालच्या मजल्यावरच्या तुर्की आजींशी तिची मैत्री झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, जर्मन दोघींनाही नाही. त्या आजी द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून आणायच्या, आई अळूवड्या द्यायची. दोघी दुपारी बाकावर बसून बोलायच्या, आपापल्या भाषेत, तास तास. त्या आजींचा नवरा सत्तरच्या दशकात इथे आला होता, त्या मागाहून आल्या. आईला हे सगळं त्यांनी कसं सांगितलं आणि आईला कसं कळलं ते देव जाणे, पण मला ते आईकडूनच कळलं. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तिने सहज विचारलं, "आता परत कधी आणशील?" मी म्हणालो, "बघू." ती पुन्हा विचारायची नाही, आणि विचारली नाहीही. तिला करमत नाही हे वाक्य त्यानंतरही मी चारचौघांत बोललोय. याच्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

वाक्य चौथं, 'पाच वर्षांत परत जाणारच आहोत', त्याबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येकाने आपल्या येण्याचं साल आठवावं आणि वजाबाकी करावी.

आता समोरची बाजू. ती कच्ची नाही. माझी बायकोच मांडते. ती म्हणते, आपल्या आईबापांनीच आपल्याला पाठवलं, पेढे वाटले, शेजाऱ्यांना मुलाचे फोटो दाखवले. कोथरूडमध्ये एकाच इमारतीत राहून आईकडे न फिरकणारी मुलं कमी आहेत का? आणि नुसतं अपराधी वाटून घेऊन कोणाचं भलं होतं? तुम्ही पुरुष असं भरून येऊन बोलता आणि शेवटी नोकरी सोडायची पाळी येते ती सुनेवर.

तिचे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. तिसरा तर शंभर टक्के. म्हणूनच मी 'सगळे परत चला' असं म्हणत नाही. अपराधीपणाही नको, कारण तो फार स्वस्त असतो. विमानतळावर डोळे भरून येतात, ड्यूटी फ्रीपर्यंत सुकतात. मला हवा आहे तो हिशोब. या वाटणीत कोण किती देतंय ते चारचौघांत कबूल करण्याचा.

पहिला हिशोब जर्मनीकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये यांनी जाहीर केलं की भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेणार. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं कोणीतरी खाऊपिऊ घालून, शिकवून तयार केलेली नव्वद हजार तरुण माणसं दरसाल आयती हवीत. पण ज्यांनी ती तयार केली त्यांच्यासाठी विम्यात जागा नाही. घरचं माणूस अचानक अंथरुणाला खिळलं तर इथे नोकरदाराला वर्षाला दहा दिवस रजा आणि भत्ता मिळतो, पण तो भत्ता येतो आजारी माणसाच्या इथल्या शुश्रूषा विम्यातून. माझ्या आईचा इथे विमाच नाही. मी मात्र त्या विम्याचा हप्ता दर महिन्याला भरतो. आईवडिलांचा नियम जुन्या लोकांनाही लावा आणि पूर्ण हप्ता घेऊन का होईना, विम्यात घ्या, एवढं मागण्यात काही गैर आहे का?

दुसरा हिशोब आपल्या सरकारकडे. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, पण तो पेन्शनपुरता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. भाषा शिकवू, प्रशिक्षण देऊ, सगळं ठीक. पण माणसं पाठवणाऱ्याने एका शब्दाने विचारायला नको का, की या मुलांच्या आईबापांचं काय? आपण निर्यातीचे आकडे मोजतो, मागे उरलेली घरं मोजत नाही.

तिसरा हिशोब आपला. इथे मला पुन्हा ते फोर्डचे कामगार आठवतात. १९७३ मध्ये जी रजा मागितली म्हणून त्यांनी मार खाल्ला, ती सहा आठवड्यांची रजा माझ्या करारात छापलेली आहे. वर्षाला ३० दिवस, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून बरोब्बर सहा आठवडे. तिचं मी काय करत होतो? दोन आठवडे भारत, त्यातले पाच दिवस पुण्यात लग्न आणि खरेदी, मिरजेला जेमतेम आठवडा. दोन आठवडे इटली किंवा स्पेन. उरलेली ख्रिसमस आणि मुलीच्या शाळेच्या सुट्ट्यांत. आणि ताई? तिने २०१८ पासून सलग चार दिवस घर सोडलेलं नाही. आईचं वय आता एक्याऐंशी.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. मोठेपणा म्हणून सांगत नाही, फार उशीर झालाय हे मलाही कळतं.

पहिली, मिरजेच्या घरावरचा माझा हक्क मी ताईच्या नावे सोडला. आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हटलं की बहिणीने सही करायची आणि भावाने साडी घ्यायची, अशीच रीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, तरी रीत काही सुटली नाही. रजिस्टर ऑफिसातल्या कारकुनाने कागद बघून दोनदा विचारलं, "साहेब, नावं उलटी पडलीत का?" म्हटलं, नाही, इतके दिवस उलटी होती. ताईला मात्र याने फारसा आनंद झाला नाही. म्हणाली, "घर घेऊन मी काय करू? मला झोप पाहिजे."

म्हणून दुसरी. या जानेवारीत मी सहा आठवडे मिरजेला जातोय. साठवलेली रजा आणि थोडी बिनपगारी. बायको आणि मुलगी इथेच, बायकोची नोकरी आणि मुलीची शाळा आहे. आईची औषधं, फिजिओ, पहाटेचा चहा, रात्रीच्या बाईची दांडी हे सगळं मी बघणार. पुढच्या वर्षी पुन्हा सहा आठवडे, आई आहे तोवर. इटली जागच्या जागी आहे, कुठे जात नाही.

बायको म्हणाली, म्हणजे आता आपलंही घर दोन ठिकाणी. म्हटलं, ते वीस वर्षं तसंच आहे. आजवर दोन्हीकडचं भाडं ताई भरत होती.

ताईला फोन करून सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. तिकिटाचा फोटो पाठवला तेव्हा बसला. मग म्हणाली, ती आणि दाजी कुठेतरी जाऊन येतील. कुठे ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "फोन बंद ठेवला तर चालेल ना रे?"

चालेल म्हटलं.